मिठानं फरफ्युरल वाढलं, सल्फेटनं घटलं: विरघळलेले क्षार नेमकं काय करतात?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. नंतर येणाऱ्या वाचकांसाठी तो आधी थोडक्यात सांगतो. तुम्ही कराडला एम.एस्सी. करताय आणि झायलोज या साखरेपासून फरफ्युरल हे सेंद्रिय द्रव रसायन बनवताय. लिटरला 0.1 मोल सल्फ्युरिक आम्ल, 170 अंश सेल्सिअस, 30 मिनिटं. त्यात साधं मीठ घातलं की फरफ्युरल वाढतं. मिठाऐवजी सोडियम सल्फेट घातलं की उलट घटतं. झायलोज सोडून कारखान्यातून आणलेलं बगॅस (उसाचं चिपाड) आणि डिस्टिल्ड पाणी सोडून बोअरचं पाणी घेतलं, तर त्याहून घटतं. मीठ हा कॅटॅलिस्ट (उत्प्रेरक) आहे का, आणि कोणता क्षार किती घालायचा, असं तुम्ही विचारलंय.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्याच्या डिस्टिलरीच्या प्रयोगशाळेत उमेदवारी केली आणि पुढं बरीच वर्षं बगॅसपासून फरफ्युरल काढण्याच्या पायलट प्लांटवर घालवली. साखरेच्या धंद्यात वाढलेल्या माणसाला क्षार म्हणजे शत्रू वाटतो, कारण मळीतले क्षार साखरेला धरून बसतात आणि तिचे दाणे पडू देत नाहीत. त्यामुळं मीठ घातल्यावर उतारा वाढतो हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझाही विश्वास बसला नव्हता. तुमची तिन्ही निरीक्षणं मला खरी वाटतात. पण त्यांची कारणं तीन वेगवेगळी आहेत, आणि ‘क्षाराचा परिणाम’ या एकाच नावाखाली ती बांधली की गोंधळ होतो.

आधी मूळ अभिक्रिया डोळ्यांसमोर ठेवू. झायलोजच्या एका रेणूतून पाण्याचे तीन रेणू निघून गेले की फरफ्युरल उरतं. 150 ग्रॅम झायलोजपासून जास्तीत जास्त 96 ग्रॅम, म्हणजे वजनानं 64 टक्के. एवढं हातात कधीच पडत नाही. तयार झालेलं फरफ्युरल त्याच गरम आम्लात स्वतःशी जुळतं, अर्धवट बदललेल्या साखरेशीही जुळतं, आणि काळं राळेसारखं द्रव्य होऊन भांड्याच्या तळाला बसतं. ते तुम्ही घासून काढलं असेलच. म्हणजे इथं दोन घोडे एकाच वेळी पळतायत: एक फरफ्युरल बनवणारा आणि दुसरा ते खाणारा. क्षार घातल्यावर कोणत्या घोड्याचा वेग किती बदलला, हे कळल्याशिवाय ‘वाढलं’ किंवा ‘घटलं’ या शब्दांना फारसा अर्थ नाही.

विरघळलेला क्षार या सगळ्यात तीन ठिकाणी हात घालू शकतो. तो आम्लाची ताकद बदलतो, साखर ज्या वाटेनं जाते ती वाट बदलतो, किंवा बनलेल्या फरफ्युरलला पाण्यातून बाहेर रेटतो. एकच क्षार ही तिन्ही कामं थोडी थोडी करत असतो. त्यातलं मोठं काम कोणतं, हे क्षारावर, आम्लावर, तापमानावर आणि तुमच्या भांड्यावरही अवलंबून आहे. भांड्याचं मुद्दाम म्हटलंय, पुढं सांगतो.

सल्फेटपासून सुरुवात करतो, कारण त्याचं उत्तर सरळ आहे. सल्फ्युरिक आम्लाकडे दोन प्रोटॉन असतात. पहिला पाण्यात पडताच सुटतो. दुसरा उरलेल्या आयनाकडे, म्हणजे बायसल्फेटकडे, राहतो आणि खोलीच्या तापमानाला थोडासाच सुटतो. 25 अंशांना त्याचा पीके (हा आकडा जितका मोठा तितका प्रोटॉन घट्ट धरलेला) साधारण 2 आहे. तापमान चढत जातं तसतसा हा दुसरा प्रोटॉन आणखी घट्ट धरला जातो. 170 अंशांना तो जवळजवळ सुटतच नाही, असं धरून चाला. म्हणजे तापलेल्या भांड्यात तुमचं 0.1 मोलर सल्फ्युरिक आम्ल एकाच प्रोटॉनचं आम्ल असतं; 0.1 मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाइतकंच, जास्त नाही.

आता त्यात सोडियम सल्फेट टाका. आलेलं सल्फेट मोकळे प्रोटॉन पकडतं आणि बायसल्फेट होतं. गरम पाण्यात बायसल्फेट प्रोटॉन सोडायला तयार नसतं, त्यामुळं ही पकड पक्की बसते. सल्फेटची मोलसंख्या आम्लाहून जास्त असेल तर मोकळे प्रोटॉन कित्येक पटींनी घटतात. तुम्ही नकळत बफर तयार केलात आणि ज्याच्या जोरावर अभिक्रिया चालते त्यालाच बांधून ठेवलंत. फरफ्युरल घटलं ते यामुळंच. यात फसवणारी एक गोष्ट आहे. तुम्ही पीएच मोजता तो थंड द्रावणाचा, आणि तिथं फरक तितका मोठा दिसत नाही. ‘पीएच तर फारसा बदलला नाही, मग सल्फेटचा काहीतरी वेगळाच दुष्परिणाम असणार’ अशा निष्कर्षावर मीही एकदा पोहोचलो होतो. थंड द्रावणाचा पीएच 170 अंशांची कथा सांगत नाही. फॉस्फेट, ॲसिटेट, सायट्रेट, कार्बोनेट या सगळ्यांची गत हीच: दुर्बल आम्लाचा कोणताही क्षार घातलात की तो तुमचं तगडं आम्ल गिळतो.

आता मीठ. इथं जरा रेंगाळणार आहे, कारण सगळ्यात रंजक भाग हाच.

क्लोराइड हे तगड्या आम्लाचं ऋणायन, म्हणून ते प्रोटॉन पकडत नाही. उलट मीठ बरंच घातलं की प्रोटॉनची परिणामकारक ताकद वाढायला लागते. हायड्रोक्लोरिक आम्लाचा सक्रियता गुणांक (आयन प्रत्यक्षात किती ताकदीनं वागतात याचा आकडा) 25 अंशांना 0.1 मोलला साधारण 0.80, 1 मोलला 0.81 आणि 3 मोलला 1.32 आहे. आधी खाली राहतो आणि नंतर चढतो. कारण असं की आयन इतके दाटतात की पाण्याचे रेणू त्यांच्याभोवतीच अडकून पडतात आणि प्रोटॉनभोवती वेढा घालायला मोकळं पाणी उरत नाही. दाट मिठाच्या द्रावणातही दिशा हीच असते. त्यामुळं थोड्या मिठाचा आणि पुष्कळ मिठाचा परिणाम एकाच सरळ रेषेवर येईल असं धरू नका.

पण नुसत्या ताकदीनं सगळं उलगडत नाही. ताकदच वाढली असती तर दोन्ही घोडे सारखेच जोरात पळाले असते. फरफ्युरल लवकर मिळालं असतं, पण त्याचा कमाल आकडा फारसा वर गेला नसता. मीठ घातल्यावर निवडकपणाही सुधारतो, म्हणजे खर्ची पडलेल्या झायलोजपैकी जास्त वाटा फरफ्युरल होतो. हे नीट दाखवून दिलं नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट तंत्रविद्यापीठातल्या मार्कोटुलिओ आणि डी याँग यांनी, 2010 मध्ये, पातळ आम्लात झायलोजवर काम करून. त्यांनी मांडलेली कारणमीमांसा मला पटते. पाण्यात झायलोज बहुतेक सगळं कड्याच्या रूपात असतं, उघड्या साखळीचं रूप नगण्य. या उघड्या रूपाचं एनडायॉल (पाणी गळण्याआधीचं मधलं रूप) होणं ही अवघड पायरी. ती ओलांडायला क्लोराइड मदत करतं आणि त्यानंतरची पाणी गळण्याची कामं प्रोटॉन करतो. दोघांची कामं वाटलेली आहेत. साखर या वाटेनं लवकर पुढं सरकली की अर्धवट अवस्थेत रेंगाळून फरफ्युरलला चिकटायला तिला वेळ कमी मिळतो.

म्हणून मीठ कॅटॅलिस्ट आहे का, याचं माझं उत्तर असं: क्लोराइड साथीदार कॅटॅलिस्टसारखं वागतं, पण आम्लाशिवाय त्याचा उपयोग नाही. खात्री करायची असेल तर आम्ल न घालता नुसत्या मिठाच्या पाण्यात झायलोज त्याच तापमानाला ठेवून बघा. 30 मिनिटांत तिथं फारसं काही होणार नाही. सोडियम बाजूला उभा राहून बघतो असंही समजा. त्याची परीक्षा सोपी आहे. सोडियम क्लोराइडऐवजी तितक्याच मोलचं पोटॅशियम क्लोराइड घ्या. उत्तर तेच आलं तर श्रेय क्लोराइडचं.

कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम क्लोराइड वापरणार असाल तर एक लक्षात ठेवा: त्यांच्या एका मोलमागे क्लोराइडचे दोन मोल येतात. तुलना क्लोराइडच्या मोलवर करा, ग्रॅमवर करू नका. आणि कॅल्शियम क्लोराइड सल्फ्युरिक आम्लात घातलंत तर जिप्सम बसेल, आणि मागं उरेल हायड्रोक्लोरिक आम्ल. म्हणजे तुम्ही क्षार नाही, आम्लच बदललंत. असे परिणाम ‘कॅल्शियमचा प्रभाव’ म्हणून लिहिलेले मी पाहिलेत. जिप्समची आणखी एक खोड आहे. पाणी तापलं की ते आणखी कमी विरघळतं, त्यामुळं गरम पृष्ठभागावर त्याचा थर धरतो. पायलट प्लांटच्या कॉइलवरून छिन्नीनं तो काढताना दिवस गेलेत.

ॲल्युमिनियम, क्रोमियम, कथिल, लोह यांचे क्लोराइड ही मात्र निराळी जात. त्यांचे धनायन स्वतः काम करतात. ते झायलोजचं रूपांतर आधी झायल्युलोजमध्ये (त्याच अणूंची, वेगळ्या मांडणीची साखर) करतात आणि झायल्युलोजमधून पाणी लवकर गळतं. 2012 मध्ये अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठातल्या गटानं क्रोमियम क्लोराइड आणि हायड्रोक्लोरिक आम्ल एकत्र वापरून हा दोन टप्प्यांचा रस्ता दाखवला. शिवाय हे क्षार पाण्यात विघटित होऊन आम्ल सोडतात. त्यामुळं ते घातल्यावर प्रोटॉन किती वाढले हे वेगळं मोजावं लागतं, नाहीतर आयत्या आम्लाचं श्रेय धातूला जातं. क्रोमियमचं सांडपाणी सिंकमध्ये ओतू नका, वेगळ्या बाटलीत जमा करा.

आता भांड्याची गोष्ट. आमच्याकडे एक लहान दाबाचं भांडं होतं, स्टेनलेस स्टीलचं. मिठाचे प्रयोग सुरू केले आणि दर खेपेला उतारा चढत गेला. तेच झायलोज, तेच आम्ल, तेवढंच मीठ, पण पाचव्या खेपेचा आकडा पहिल्याहून ठळकपणे वर. आम्ही खूष होतो. मग एका सकाळी गाळलेलं द्रावण उजेडात धरलं तर काळपट तपकिरी रंगाखाली हिरवट झाक दिसली. तपासणीला पाठवलं आणि त्यात लोह, क्रोमियम आणि निकेल निघालं. गरम आम्ल आणि क्लोराइड दोघं मिळून भांड्याला खात होते, आणि भांड्यातून सुटलेलं क्रोमियम नि लोह आमच्या झायलोजवर काम करत होतं. टेफ्लॉनचं अस्तर घालून तीच मालिका पुन्हा केली. मिठाचा परिणाम उरला, पण आधी दिसला त्याच्यापेक्षा बराच लहान. भांडं आतून बघितलं तर जागोजागी टोचल्यासारखे खड्डे आणि वेल्डजवळ केसाएवढी चीर. दाबाखालच्या भांड्याला चीर म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. ते भांडं आम्ही त्याच दिवशी मोडीत काढलं.

म्हणून तुम्हाला कळकळीनं सांगतो: उघड्या स्टीलमध्ये आम्ल आणि मीठ एकत्र तापवू नका, 316 दर्जाच्या स्टीलमध्येसुद्धा नाही. टेफ्लॉनचं अस्तर वापरा आणि बनवणाऱ्यानं दिलेली तापमानाची मर्यादा पाळा. लहान प्रमाणावर दाब सोसणाऱ्या जाड काचेच्या नळ्याही चालतात, पण आडपडद्यामागं. तुमच्या आत्तापर्यंतच्या खेपा उघड्या स्टीलमध्ये झाल्या असतील तर आधीचे आकडे बाजूला ठेवा आणि नव्यानं सुरुवात करा. त्रास होईल, पण तो आत्ता झालेला बरा.

तिसरं काम, फरफ्युरल बाहेर रेटण्याचं. 20 अंशांना 100 मिलिलिटर पाण्यात साधारण 8 ग्रॅम फरफ्युरल विरघळतं. मीठ घातलं की पाणी आयनांची सरबराई करण्यात गुंततं आणि फरफ्युरलला जागा कमी उरते. मग ते वाफेत जातं, किंवा वर एखादं न मिसळणारं द्रावक असेल तर त्यात जातं. गरम आम्लातून सुटलं म्हणजे राळ होण्यापासूनही वाचलं. हे ज्ञान जुनं आहे. आमच्या उमेदवारीत चिपाडातलं पेंटोसन (झायलोजसारख्या साखरांच्या साखळ्या) मोजायची पद्धत अशी होती: 12 टक्के हायड्रोक्लोरिक आम्लात नमुना उकळत ठेवायचा, निघणारं फरफ्युरल ऊर्ध्वपातनानं गोळा करायचं आणि फ्लोरोग्लुसिनॉलनं अवक्षेपित करून तोलायचं. त्या फ्लास्कमध्ये आम्ही मूठभर मीठ टाकायचो. त्यानं उकळबिंदू थोडा चढतो आणि फरफ्युरल वाफेबरोबर पटकन निघतं. आमचे वरिष्ठ रसायनतज्ज्ञ म्हणायचे, ‘मीठ विसरलास तर पेंटोसन कमी येणार.’ तेव्हा कारण विचारायचं सुचलं नाही, पण ते अक्षरशः खरं होतं.

तुमच्या प्रयोगात मात्र हे तिसरं काम फारसं होत नसणार. भांडं बंद आहे, दुसरं द्रावक नाही, वाफ बाहेर काढत नाही. वर टोल्युइनसारखा थर घेतलात किंवा वाफ सतत काढलीत, तर याच कामाचा वाटा मोठा होईल. तिथं सोडियम सल्फेटसुद्धा फरफ्युरलला बाहेर रेटायला चांगलं असतं, पण प्रोटॉन पकडून ते दुसऱ्या हातानं नुकसान करतं. एकच क्षार एकाच्या प्रबंधात तारक आणि दुसऱ्याच्या प्रबंधात मारक ठरतो, तो असा.

इथपर्यंतचं एका दमात सांगायचं तर: सल्फेटनं तुमचं आम्ल बांधलं, मिठातल्या क्लोराइडनं साखरेची वाट सोपी केली आणि आम्लाला थोडा जोर दिला, आणि तुमचं भांडं उघड्या स्टीलचं असेल तर मिठाच्या आकड्यात भांड्याचाही हात असू शकतो.

राहिलं बोअरचं पाणी आणि बगॅस. कृष्णाकाठच्या क्षारपड जमिनी आपल्याला नव्या नाहीत. पलूस, वाळवा, मिरज भागात रानावर पांढरा थर आलेला लहानपणापासून बघतोय. असल्या भागातल्या बोअरच्या पाण्यात क्लोराइड असतं, तसं बायकार्बोनेटही असतं. क्लोराइड इतकं थोडं असतं की त्याचा फायदा दिसत नाही, आणि बायकार्बोनेट मात्र आम्ल खातं. हिशेब करून बघा. पाण्याची अल्कलिनिटी (आम्ल खाण्याची क्षमता) कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबानं लिटरला 400 मिलिग्रॅम असेल तर ती 8 मिलिइक्विव्हॅलंट झाली, म्हणजे 8 मिलिमोल प्रोटॉन खाण्याइतकी. तुमच्याकडे गरम अवस्थेत लिटरला 100 मिलिइक्विव्हॅलंट प्रोटॉन आहेत, म्हणजे 8 टक्के गेले. जाणवेल न जाणवेल इतकं. पण उद्या तुम्ही आम्ल वाचवण्यासाठी 0.02 मोलरवर आलात तर 20 मधले 8 गेले, म्हणजे 40 टक्के. तेच पाणी, पण आता प्रयोग कोसळतो.

बगॅसचं याहून मोठं. त्याच्या राखेत बहुतांश सिलिका असते आणि ती आम्लाला धक्का लावत नाही. पण पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियमही असतं. पावसात तोडलेल्या उसाबरोबर काळी मातीही येते, आणि आपल्या काळ्या मातीत चुना असतो. ढिगाच्या तळाचं बगॅस घेतलंत तर माती आणखी जास्त. याला अंदाज चालत नाही, मोजावंच लागतं. ठरावीक वजनाचं कोरडं बगॅस ठरावीक पातळ आम्लात तासभर ढवळा, गाळा, आणि उरलेलं आम्ल अल्कलीनं टायट्रेट करा. जितकं कमी आलं तितकं बगॅसनं खाल्लं. तेवढं आम्ल वाढवून घाला, किंवा बगॅस आधी पातळ आम्लानं आणि मग डिस्टिल्ड पाण्यानं धुऊन घ्या. आम्ही प्रत्येक नव्या लॉटला हे टायट्रेशन करायचो, आणि हंगामाच्या सुरुवातीचा लॉट आणि शेवटचा लॉट कधीच सारखे आले नाहीत.

आणखी एक गोष्ट, जी क्षाराशी संबंधित नाही पण तुमच्या तुलनेत घुसलेली आहे. बगॅसमधलं झायलोज मोकळं नसतं. ते हेमिसेल्युलोजच्या साखळीत असतं आणि आधी सुटावं लागतं. म्हणून 30 मिनिटांचा झायलोजचा आकडा आणि 30 मिनिटांचा बगॅसचा आकडा शेजारी ठेवून पाण्याला दोष देता येत नाही. तुम्ही दोन गोष्टी एकदम बदलल्यात. झायलोज आणि बोअरचं पाणी अशी एक खेप, बगॅस आणि डिस्टिल्ड पाणी अशी दुसरी खेप, एवढं केलंत तरी निम्मा गुंता सुटेल.

याच धाग्यावरून तुमच्या मूळ प्रयोगातल्या सगळ्यात मोठ्या उणिवेवर येतो. तुम्ही एकाच वेळेला, 30 मिनिटांना, नमुना घेताय. फरफ्युरलचा आलेख आधी चढतो, शिखर गाठतो आणि मग उतरतो. मिठानं नुसता वेग वाढला असेल तर 30 व्या मिनिटाला मिठाचा नमुना शिखराजवळ असेल आणि बिनमिठाचा अजून चढावर. तुम्ही म्हणाल मिठानं उतारा वाढवला, आणि प्रत्यक्षात बिनमिठाचाही 50 मिनिटांनी तिथंच पोहोचला असता. म्हणून 5, 10, 20, 30, 45, 60 मिनिटं असे नमुने घ्या, दर वेळी उरलेलं झायलोजही मोजा, आणि फरफ्युरल विरुद्ध खर्ची पडलेलं झायलोज असा आलेख काढा. दोन्ही रेषा एकमेकींवर बसल्या तर मिठानं फक्त घाई केली. मिठाची रेषा वर राहिली तर त्यानं वाट बदलली. माझ्या दृष्टीनं तुमच्या प्रबंधातला सगळ्यात मोलाचा आलेख हाच असेल.

त्यासाठी चार मालिका पुरेशा आहेत: नुसतं आम्ल, आम्ल आणि मीठ, आम्ल आणि पोटॅशियम क्लोराइड, नुसतं मीठ. आणि सल्फ्युरिक सोडून 0.1 मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल घ्या, म्हणजे बायसल्फेटची भानगड मधून निघून जाईल आणि प्रोटॉन जवळपास तितकेच राहतील. दाट आयनांचा सर्वसाधारण परिणाम क्लोराइडपासून वेगळा काढायचा असेल तर मिथेनसल्फोनिक आम्ल (क्लोराइड नसलेलं तगडं आम्ल) आणि त्याचाच सोडियम क्षार अशी पाचवी मालिका करता येईल. या कामासाठी कुणी परक्लोरेट किंवा नायट्रेट सुचवेल. सेंद्रिय पदार्थ आणि बंद गरम भांडं असताना या दोघांना हात लावू नका.

तापवण्याकडेही बघा. मायक्रोवेव्ह रिॲक्टर वापरत असाल तर मिठाचं पाणी साध्या पाण्यापेक्षा मायक्रोवेव्ह जास्त शोषतं आणि लवकर तापतं. मग वेळेची तुलनाच बिघडते. ऑइल बाथ असेल तर आतलं द्रावण 170 ला पोहोचायला किती मिनिटं लागतात ते आतल्या थर्मोकपलनं बघा आणि घड्याळ तिथून लावा.

मोजणीत दोन खड्डे आहेत. मिठाच्या द्रावणातून फरफ्युरल सहज उडतं, म्हणून भांडं बर्फात पूर्ण थंड झाल्याशिवाय उघडू नका. कोमट उघडलंत तर मिठाचा नमुना बिनमिठाच्या नमुन्यापेक्षा जास्त गमावेल आणि तुमचं उत्तर उलटं फिरेल. दुसरं, साखर मोजायला क्रोमॅटोग्राफीचा हायड्रोजन रूपातला आयन-विनिमय कॉलम वापरत असाल तर मिठातला सोडियम हळूहळू त्याला निकामी करतो आणि धारणवेळ (पदार्थ कॉलममधून बाहेर यायला लागणारा वेळ) सरकते. नमुने भरपूर पातळ करा आणि अधूनमधून कॉलम पातळ आम्लानं पूर्ववत करा. फरफ्युरल 277 नॅनोमीटरला दिसतं, पण बगॅसच्या नमुन्यात सेल्युलोजपासून आलेलं हायड्रॉक्सिमिथिल फरफ्युरलही 284 च्या आसपास दिसतं. त्यामुळं कॉलमवर वेगळं न करता नुसत्या स्पेक्ट्रोफोटोमीटरवर विसंबू नका. प्रमाण-द्रावणंही तेवढ्याच मिठात बनवा. आणि फरफ्युरल त्वचेतून शरीरात जातं, म्हणून हातमोजे आणि वाफा ओढून घेणारं कपाट (फ्यूम हुड) याला पर्याय नाही.

किती मीठ? प्रयोगशाळेत 0.1, 0.5, 1 आणि 2 मोलर अशा पायऱ्या घ्या. 1 मोलर म्हणजे लिटरला साडेअठ्ठावन्न ग्रॅम. दुकानातलं आयोडीनचं मीठ नको, शुद्ध प्रतीचं घ्या. संपृक्त द्रावणापर्यंत जायची गरज द्रावकाचा थर असतानाच पडते.

तुम्ही शेवटी लिहिलंय की कारखान्याला हे सुचवायचा विचार आहे. तिथं जरा थांबा. एक टन कोरडं बगॅस घ्या. पेंटोसन 25 टक्के धरलं तर जास्तीत जास्त 182 किलो फरफ्युरल, आणि जुन्या पद्धतीच्या प्लांटमध्ये निम्मं हाती आलं तर 90 किलो. दहा टन पाणी आणि त्यात 1 मोलर मीठ म्हणजे 585 किलो मीठ. किलोभर फरफ्युरलमागं साडेसहा किलो मीठ. पाणी कमी घेतलं तरी प्रमाण किलोंमध्येच राहतं. हे मीठ जाणार कुठं? नदीत सोडता येणार नाही, आणि सोडूही नये. क्षारपड जमिनीचं दुखणं आपण आधीच भोगतोय. उरलेला चोथा बॉयलरमध्ये जाळायचा म्हटलं तर त्यातलं क्लोराइड सुपरहीटरच्या नळ्या खातं. मीठ फिरवून पुन्हा वापरणारी बंद व्यवस्था आणि क्लोराइड सोसणारं महागडं धातुकाम यांचा खर्च मांडल्याशिवाय हा प्रस्ताव टेबलावर ठेवू नका. आमच्या पायलट प्लांटवर आम्ही शेवटी मीठ घातलं नाही. वाफेनं फरफ्युरल झटपट काढून घेणं आणि लॉटगणिक आम्ल बेतून देणं यातून जो फायदा झाला तो मिठाच्या फायद्याच्या जवळपास आला, आणि मागं काही उरलं नाही.

बोअरच्या पाण्याचा अल्कलिनिटीचा आकडा, तुमच्या भांड्याचा धातू आणि त्या चार मालिकांचे आलेख इथंच खाली टाका. आलेख पाहिल्यावर 170 च्या वर जायचं की नाही, त्यावर बोलता येईल.